लॅमिंग्टन रोडचा बाजार

कांद्याचा लिलाव बघायचा तर लासलगाव, टोमॅटोचा बघायचा तर पिंपळगाव बसवंत, आणि संगणकाचे सुटे भाग घ्यायचे तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. पहिल्या दोन बाजारांत माझी उभी नोकरी गेली. तिसऱ्या बाजारात मी फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिल्यांदा पाऊल टाकले, तेही पुतण्याच्या मागे मागे. पिकांवर लिहिणाऱ्या माणसाने संगणकावर का लिहावे, असे तुमच्या मनात येईल. त्याचे कारण आधी सांगतो.

२०१४ साली माझ्या थोरल्या भावाने मुलीच्या डिप्लोमासाठी संगणक घ्यायचे ठरवले. घरातला शिकलेला माणूस म्हणून खरेदी माझ्याकडे आली. तालुक्याच्या एका दुकानातून सव्वीस हजारांचा तयार संगणक मी घेऊन दिला. आत काय बसवले आहे ते विचारले नाही. पावती घेतली तीही कच्च्या कागदावर. तिसऱ्या महिन्यात वीज कमीजास्त झाली, आतला पॉवर सप्लाय जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. दुकानदाराने हात वर केले. पोरीने उरलेली दोन वर्षे कॉलेजच्या संगणकावर अभ्यास करून शेवटच्या एसटीने घरी येत काढली. दादा मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

आता धाकटा पुतण्या बारावी होऊन पुढे शिकतो आहे. दोन हंगाम रोपवाटिकेत काम करून त्याने चोवीस हजार साठवले आणि दादाला सरळ सांगितले, “मला गेम खेळायचा संगणक हवा आहे, आणि तो मी स्वतः जोडणार आहे.” अभ्यासासाठी हवा, असे खोटे तो बोलला नाही, हे मला आवडले. दादाने कांद्याच्या पट्टीतले तेहतीस हजार त्यात घातले आणि म्हणाला, “काकाला बरोबर ने.” त्या एका वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही.

पहाटे लासलगावला पंचवटी एक्सप्रेस धरली. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल घेतली. ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून पाच मिनिटे चालले की रस्ता लागतो. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन हा १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता, त्याचे नाव लोकांच्या तोंडून अजून जात नाही. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हा थिएटरात १९७५ साली ‘शोले’ लागला आणि पाच वर्षे चालला. ते थिएटर आता राहिलेले नाही. पूर्वी हा रस्ता रेडिओच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध होता. पुढे टीव्ही आला, मग संगणक. जुन्या इमारती, जिन्याखालीसुद्धा दुकान, आणि दारात खोकी रचलेली. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा जायचे तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा आणि अकराच्या आत पोहोचू नका.

स्टेशनबाहेरच दोन-तीन जण “काय पाहिजे, काय पाहिजे” करत मागे लागले. त्यांच्या मागे जाऊ नका. बाजार समितीच्या दारात गाडी अडवणारे दलाल आपण पाहिलेले आहेत, जात तीच.

आता मुख्य गोष्ट. संगणकाचे भाग निवडणे म्हणजे बैलजोडी निवडणे आहे. प्रोसेसर हा एक बैल, ग्राफिक्स कार्ड हा दुसरा. एक तगडा आणि दुसरा मरतुकडा जुंपलात तर नांगर मरतुकड्याच्याच चालीने चालतो आणि तगड्यावर घातलेले पैसे वाया जातात. गेमच्या संगणकात चित्र काढण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते, म्हणून मोठा वाटा त्याला द्यायचा. आमच्या हिशेबात शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये त्यावर गेले. पण प्रोसेसर अगदीच हलका घेऊन चालत नाही.

पुतण्याने घरूनच यादी करून आणली होती. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००, सहा कोअरचा, २०२२ साली आलेला. त्याच्यापेक्षा नवे पुष्कळ निघाले आहेत, पण नव्या एएम-५ सॉकेटला नव्या जातीची डीडीआर-५ रॅमच लागते आणि बोर्डही महाग पडतो. आम्ही जुन्या एएम-४ वरच थांबलो. कार्ड रेडिऑन आरएक्स ६६००, आठ जीबी मेमरीचे. साध्या फुल-एचडी पडद्यावर खेळायला ते पुरते. पडदा म्हणून घरचा टीव्ही होताच. आधी कोणत्या पडद्यावर, कोणते खेळ खेळायचे ते ठरवा, मग कार्ड बघा. माती न तपासता खत घालू नये, तसेच हे.

जुळणी हा दुसरा मुद्दा. प्रोसेसरचे सॉकेट आणि बोर्डाचे सॉकेट एक हवे. डीडीआर-४ च्या खाचेत डीडीआर-५ बसत नाही. बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर त्यातली आज्ञावली नंतर आलेल्या प्रोसेसरला ओळखत नाही. ती दुकानातच नवी करून घ्या. रॅम सोळा जीबीची घेताना आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या, एकच मोठी नको. दोन मोऱ्यांतून पाणी लवकर येते.

एका दुकानात एक प्रसंग घडला. दुकानदाराने खालून एक कार्ड काढले. “हे घ्या, वरचे मॉडेल, बारा हजारांत. नव्यासारखेच आहे.” पोराचे डोळे चमकले. मी कार्ड हातात घेतले. खोके नाही, पावती नाही, नंबराची चिठ्ठी अर्धी खरवडलेली. मला बोगस बियाण्याची पिशवी आठवली. आभासी चलन खणण्यासाठी अशी कार्डे महिनोन्महिने रात्रंदिवस चालवली जात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने ती पद्धत सोडली आणि अशा कार्डांचे ढीग जुन्या बाजारात आले. त्यातले एखादे चांगले निघतही असेल, पण राबवून घेतलेला बैल दात बघून कळतो, कार्डाचे दात बघता येत नाहीत. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. पोरगा दहा पावले गप्प होता. मग म्हणाला, “काका, वाचलो.”

पुढच्या दुकानात काउंटरवर सिन्नरकडचा एक गृहस्थ भेटला. त्याने यादी वाचली आणि एकच प्रश्न विचारला, “पॉवर सप्लाय कोणता घेताय?” मी त्याच्याकडे बघतच राहिलो. अकरा वर्षांपूर्वी हा प्रश्न मी विचारायला हवा होता. तो म्हणाला, “हलके डबे ‘पाचशे वॉट’ची चिठ्ठी लावून विकतात. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझची खूण असलेला घ्या.” साडेपाचशे वॉटचा घेतला. तो हातात जड लागला. पैसे कमी पडले तर काचेचा, दिव्यांचा डबा सोडा, कार्ड एक पायरी खाली घ्या. पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नका. एकदा भोगलेला माणूस हे सांगतो आहे.

आमचा हिशेब असा झाला : कार्ड २०,५००, प्रोसेसर ९,८००, मदरबोर्ड ७,२००, रॅम ३,३००, पाचशे जीबीची एसएसडी ३,०००, पॉवर सप्लाय ४,०००, डबा २,७००, कीबोर्ड-माउस १,०००. एकूण ५१,५००. तालुक्याला येऊन साडेचार हजारांचा यूपीएस घेतला. एक हजार उरले, ते प्रवासाला आणि वडापावला लागले.

हे भाव फेब्रुवारी २०२५ चे आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव असे चढले, की आमची तीन हजारांची रॅम स्वस्ताई वाटावी. मोठ्या संगणक केंद्रांनी माल उचलला आणि बाजारात टंचाई आली. कांदा पिकवणाऱ्यांना यात नवल वाटू नये. जाण्याच्या आदल्या दिवशी तीन ठिकाणी भाव विचारा, आणि रॅम महाग असेल तर खर्चाची वाटणी पुन्हा करा.

पावती पक्की, जीएसटीची घ्या. पावतीवर प्रत्येक वस्तूचा नंबर लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहा. बियाण्याच्या पिशवीचा टॅग आणि लॉट नंबर जपून ठेवा, असे मी तुम्हाला तीस वर्षे सांगत आलो, इथेही तेच. हमी या नंबरावरच मिळते. बिनखोक्याचा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण हमीत गोची होते आणि पंखा वेगळा घ्यावा लागतो.

घरी आल्यावर मी पोराला एक दिवस काही उघडू दिले नाही. आधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासले. ते नावालाच होते. मोटारीच्या अर्थिंगची काळजी घेणारे आपण, घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरी तार कुठे जाते हे बघत नाही. परसात नवा खड्डा घेतला, पट्टी पुरली, कोळसा-मीठ भरले, तेव्हा जीव निवांत झाला.

रविवारी लाकडी टेबलावर जोडणी झाली. दर वेळी हात आधी डब्याच्या पत्र्याला लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. या प्रोसेसरला खालून बारीक पिना असतात. कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळवून तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. नाशिकहून पुतणीही मुद्दाम आली होती, तीच, जिचा संगणक जळला होता. रात्री नऊला बटण दाबले. पंखे फिरले, दिवा लागला, पण टीव्हीवर काही नाही. पडदा काळाच. दादा दारात उभा होता. कुणी बोलेना. माझ्या पोटात २०१४ चा गोळा आला.

पुतणी खाली वाकली, मागे बघितले आणि म्हणाली, “अरे, तार मदरबोर्डाला लावलीस. या प्रोसेसरला स्वतःचे चित्र नाही. कार्डाला लाव.” तार बदलली आणि पडदा उजळला. ती माझ्याकडे बघून हसली. “काका, आता झोपा तुम्ही.”

विंडोजचा परवाना महाग, म्हणून सध्या फुकट मिळणारे लिनक्स घातले आहे. पुष्कळ खेळ त्यावर चालतात, काही ऑनलाइन खेळ चालत नाहीत. खेळताना अडीचशे वॉटच्या आसपास वीज लागते, म्हणजे चार तासांना एक युनिट. संगणक कांद्याच्या चाळीपासून आणि गोठ्यापासून लांब, माजघरात ठेवला आहे. दोन महिन्यांनी धूळ ब्रशने काढायची, पंखा बोटाने धरून. माजघरात ठेवल्याने तो किती वेळ खेळतो तेही सगळ्यांना दिसते, वेगळा नियम करावा लागला नाही.

त्या रात्री दादाने पावत्या मागून घेतल्या, एक एक वाचली, सातबाऱ्याच्या पिशवीत घातली आणि मला म्हणाला, “जेवून जा.”