अंगणातली गाडी

पोलादपूरचा माझा पुतण्या तीन वर्षे अंगणात गाडी जोडतो आहे. लोक हसतात. वहिनी म्हणतात, "भावोजी, तुम्हीच समजवा." मी महाडात कारकून, खर्चाची वही माझ्याकडे.

त्याला वेड लागले ते एका बातमीने. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, सुमारे ६० हजारांत, किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. २०२२ साली आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो दिली. मात्र अशी गाडी रस्त्याच्या नियमांत बसत नाही, हे मी पुतण्याला स्पष्ट सांगितले.

"काका, मला गिअरबॉक्स कळायला हवा."

गॅरेजात मालक त्याला गाड्या धुण्यापलीकडे काही करू देत नसे. इथे तो उघडतो, जोडतो, पुन्हा उघडतो.

परवा वही वहिनींपुढे ठेवली. पान उलटून त्यांनी विचारले, "ब्रेकचा खर्च कुठे धरलाय?"