दहा सेकंद

आमच्या अल्बममध्ये बाबा नाहीत. म्हणजे आहेत, पण शोधावे लागतात. फोटो काढायचं काम कायम त्यांच्याकडे, त्यामुळे माझ्या बारशापासून धाकट्याच्या मुंजीपर्यंत सगळीकडे ते कॅमेऱ्यामागेच.

रोलच्या जमान्यात सेल्फ टायमर म्हणजे चैन. 36 फोटोंचा रोल, त्यातला एक वाया गेला की आईच्या कपाळाला आठी! 2005 साली घरात डिजिटल कॅमेरा आला आणि बाबा सुटलेच. ट्रायपॉड काही त्यांनी कधी घेतला नाही. हरिहरेश्वरला खडकावर घडी केलेला नॅपकिन आणि त्यावर कॅमेरा, महाबळेश्वरला गाडीचा टप, एकदा तर चिवड्याचा डबा.

त्यातही त्यांचं तंत्र होतं बरं का. असले बरेचसे छोटे कॅमेरे फोकस ठरवतात ते बटण दाबताना, फोटो निघताना नाही. बाबांसाठी मधली जागा मोकळी सोडली की कॅमेरा नेमका मागचं झाड पकडणार आणि आम्ही सगळे धूसर. म्हणून आईला मधोमध उभं करायचं, बटण अर्धं दाबून तिच्यावर फोकस धरायचा, मग पूर्ण दाबायचं आणि पळत येऊन कडेला उभं राहायचं. समोरचा दिवा लुकलुकत असायचा, शेवटी शेवटी भराभर. (दोन सेकंदांचाही टायमर असतो, पण तो बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून. पळणाऱ्यांच्या उपयोगाचा नाही.)

2013 मध्ये बाबा अचानक गेले. फोटो कुठला लावायचा, असं कुणीतरी विचारलं आणि मी नि भाऊ रात्री दीडपर्यंत एकेक फोल्डर उघडत बसलो. हजारो फोटो. त्यात बाबा मोजून 19 फोटोंत, सगळे टायमरचे. प्रत्येकात कडेला, धाप लागलेली, एक पाय अजून नीट टेकलेला नाही. भिंतीवरच्या फोटोतला माणूस कसा शांत बसलेला लागतो ना... शेवटी त्यातल्या त्यात एक निवडला. त्यात त्यांच्या खांद्यावर आईचा हात होता. स्टुडिओवाला म्हणाला, हात काढून टाकतो. आई म्हणाली, "असू दे."

हल्ली मोबाईलमध्येही टायमर असतो, पण हात लांब केला की सेल्फी निघते, पळायचं कुणाला पडलंय! असो.

त्याच फोल्डरमध्ये फसलेले फोटोही सापडले. बाबांनी एकही डिलीट केला नव्हता. एकात त्यांची नुसती पाठ आहे, घामाने चिकटलेला शर्ट, आणि पलीकडे आम्ही तिघं. भाऊ पोट धरून, आई तोंडाला पदर लावून हसतेय. कॅमेऱ्याकडे कुणाचंच लक्ष नाही, सगळे धावत येणाऱ्या बाबांकडे बघतोय.

आईने तो मोबाईलवर लावून घेतलाय.