बंदुकीला फूल वाहणारा मुलूख

खंडेनवमीला आपल्याकडे घरोघर हत्यारं पुजली जातात. हत्यारं म्हणजे काय, तर विळी, कोयता, पाना-पकड, दारातली मोटारसायकल आणि अलीकडे कॉम्प्युटरसुद्धा! कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात मात्र हत्यार म्हणजे हत्यारच. तिथल्या देवघरात धारदार ओडिकत्तीशेजारी चक्क बंदूक ठेवतात, तिला गंध लावतात आणि नळीच्या तोंडात फूल खोवतात.

कोडगू म्हणजेच आपल्या तोंडी बसलेलं कूर्ग. (मराठी कानाला 'कोडगू' जरा खटकतं, पण आपल्या 'कोडगा'शी त्याचा काही संबंध नाही. माणसं तर अतिशय अगत्यशील.) म्हैसूरहून साधारण १२० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटर उंचीवर मडिकेरी हे जिल्ह्याचं गाव. भोवती कॉफीचे मळे, सिल्व्हर ओकच्या अंगावर चढलेले मिरीचे वेल आणि खालच्या सपाटीवर भातखाचरं. पर्यटक राजाज् सीटवरून सूर्यास्त पाहतात, तळकावेरीला जाऊन कावेरीचा उगम पाहतात आणि कॉफी-मसाले घेऊन परततात. कोडवा लोकांचं खरं घर मात्र मळ्यांच्या आत दडलेलं असतं. त्याला म्हणतात ऐनमने. एका कुळाचं, म्हणजे 'ओक्का'चं ते मूळ घर. जुन्या बंदुका बहुधा तिथेच सापडतात.

त्या पाहायच्या तर सप्टेंबरच्या सुरुवातीला जावं. भाताची लावणी आटोपली की तीन सप्टेंबरच्या सुमारास 'कैलपोद' येतो. कैल म्हणजे हत्यार, पोद म्हणजे सण. चिखलणी-लावणीच्या दिवसांत हत्याराला हात लावायचा नाही, हा जुना दंडक. लावणी संपली की बंदुका स्वच्छ करून देवघरात मांडायच्या, आणि पूजा झाली की घरातल्या कर्त्याने त्या तरुणांच्या हाती द्यायच्या. नळीत जे फूल खोवतात त्याचं कोडवा भाषेतलं नाव 'तोकपू', म्हणजे बंदुकीचं फूल. हे फूल आपल्यालाही परकं नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या झुडपांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी ती हीच! तिचा कंद जहाल विषारी. दिसायला देखणी आणि वागायला घातकी, तेव्हा बंदुकीला शोभणारं फूल त्यांनी बरोबर निवडलंय.

पूजेनंतर जेवण. कडंबुट्टू म्हणजे तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे, आणि सोबत पंदी करी, म्हणजे डुकराचं मटण. त्याला काळसर आंबटपणा येतो तो कच्चंपुळीने. आपल्या कोकमाच्या जातभाईच्या फळांचा आटवलेला हा रस. मग सगळे जमतात 'मंद'वर, म्हणजे गावच्या मोकळ्या मैदानात. उंच झाडाला नारळ बांधायचा आणि नेम धरून तो उडवायचा, हा तिथला खेळ. आता ठरावीक अंतरावर नारळ ठेवून रीतसर स्पर्धा होतात. बारा बोअरची बंदूक, पॉइंट टू-टू रायफल, लहानांसाठी एअर रायफल असे गट असतात, आणि साडीतल्या कोडवा बायका खांद्याला दस्ता टेकवून नेम धरतात तेव्हा पाहुण्यांचे कॅमेरे सगळ्यात जास्त वाजतात.

एवढ्या बंदुका आल्या कुठून? कोडगूच्या राजांच्या काळी 'जम्मा' जमिनी दिल्या जात, त्या लष्करी चाकरीच्या बदल्यात. बोलावलं की बंदूक-कत्ती घेऊन हजर व्हायचं. १८३४ साली इंग्रजांनी हे राज्य खालसा केलं. १८५७च्या उठावानंतर देशभर हत्यारं काढून घेतली गेली, पण १८६१ साली कमिशनर मार्क कबन यांनी कोडवांना त्यातून वगळलं. इंग्रजांशी इमान राखल्याचं ते बक्षीस होतं, हे आज ऐकायला फारसं बरं वाटत नाही, पण इतिहास तसा आहे. पुढे याच मातीतून जनरल करिअप्पा आले. १५ जानेवारी १९४९ रोजी ते भारतीय सेनेचे पहिले भारतीय सरसेनापती झाले. सेनाप्रमुख थिमय्याही इथलेच. मडिकेरीतल्या त्यांच्या 'सनी साइड' या घराचं २०२१ साली स्मारक-संग्रहालय झालं. जुन्या शस्त्रांची आवड असणाऱ्याने ते चुकवू नये.

स्वातंत्र्यानंतरही ती सूट टिकली. कोडवा माणूस आणि जम्मा जमीनधारक (मग तो कोणत्याही समाजाचा असो) यांना काही प्रकारची शस्त्रं ठेवायला नेहमीचा परवाना लागत नाही. जन्मावरून सूट द्यावी का, असा प्रश्न कोर्टात गेला. सप्टेंबर २०२१मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने सूट कायम ठेवली. केंद्र सरकारने २०१९ साली काढलेल्या आदेशाची मुदत २०२९पर्यंत आहे. पुढे काय, ही काळजी कोडगूत बोलून दाखवली जाते. बंदूक गेली तर सण राहील, पण त्यात काय पुजायचं?

आणि सूट म्हणजे मोकळीक नव्हे. ती बाळगण्यापुरती आहे. काडतुसं किंवा बंदुका बनवायच्या तर परवाना हवाच. शिकारीला तर १९७२च्या वन्यजीव कायद्याने कुलूपच घातलं. पूर्वी घरची बंदूक रानडुकरावर चालायची, आता नारळावर. हे उत्तमच झालं.

ठासणीची बंदूक चालवणं म्हणजे धीराचं काम. नळीत दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचं. बार उडाला की पांढऱ्या धुराचा ढग आणि गंधकाचा वास. या काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढून घेते, आणि कोडगूच्या पावसात तर नळी बघता बघता गंजते. म्हणून जाणते लोक बार काढल्याच्या दिवशीच कढत पाण्याने नळी धुतात, कोरडी करतात, मगच तेलाचा हात फिरवतात. नुसतं तेल चोपडून बंदूक टांगली की खाली गंज सुरूच!

धोका असतो तो वाडवडिलांच्या बंदुकीत आजची दारू घालण्यात. धूर न करणारी आधुनिक दारू ठासणीच्या बंदुकीत भरली तर नळी फुटून हात जाऊ शकतो. जुन्या दुनळीचंही तसंच. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या, नागमोडी नक्षीच्या 'दमास्कस' नळ्या काळ्या दारूच्या दाबासाठी होत्या. कित्येक जुन्या बंदुकांचं काडतुसाचं घर अडीच इंची असतं. त्यात पावणेतीन इंची काडतूस बसतं खरं, पण उडताना त्याचं तोंड पुरतं उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चाललं, असं इथे नसतं. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनलेली 'शक्तिमान' काडतुसं देशभरच्या दुनळ्यांमध्ये वर्षानुवर्षं वापरली गेली. त्यांच्या पितळी बुडावर 'के.एफ.' ही अक्षरं असतात. पण ती कोणत्या नळीला चालतील, हे जाणकार बंदूकसाजाला दाखवूनच ठरवायचं.

वर्षभर टांगून ठेवलेल्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते. बार काढण्याआधी नळी आरपार पाहिली नाही तर तेवढी माती पुरते. आणि चाप ओढूनही बार उडाला नाही, तर बंदूक वळवून कुतूहलाने नळीत डोकावायचं नाही. नेमाकडेच तोंड धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण बार उशिरा उडू शकतो.

अडचण अशी, की हे शिकवणारे हात कमी होत चाललेत. मुलं बंगळूरला आणि परदेशी. ऐनमनेत एखाद-दुसरं वृद्ध जोडपं, आणि भिंतीवर बंदूक. सणाला मुलं येतात, फूल खोवून फोटो काढतात. गज कसा धरायचा, हे मात्र दोन दिवसांच्या रजेत शिकून होत नाही.

कैलपोद हुकला तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 'पुत्तरी' असते, नव्या भाताचा सण. रात्री मुहूर्तावर सगळं घर दिवा घेऊन शेतात जातं आणि पहिली लोंबी कापताना बंदुकीचा बार निघतो. कोडगूच्या डोंगरात एरवीही बार ऐकू आला, तर स्थानिक माणसं आधी मोजतात. जुन्या रिवाजाप्रमाणे एकच बार म्हणजे कुणाच्या घरी मुलगा जन्मला. लागोपाठ दोन ऐकू आले, की हातातलं काम ठेवून आवाज कोणत्या घराकडून आला ते पाहायला माणसं बाहेर पडतात.