बशीतली कलौंजी

रमजानच्या आधी आम्ही शिरूरहून दौंडला खालाकडे गेलो. स्तनाच्या कर्करोगावर तिची केमो चालू होती, पण शेवटचे दोन डोस तिने चुकवले होते. मोबाइलवर कुणीतरी पाठवले होते: कलौंजीने कर्करोगाच्या पेशी मरतात, प्रयोगशाळेत सिद्ध झाले. खाला केमोऐवजी रोज चमचाभर कलौंजीचे तेल घेत होती.

मजकूर खोटा नव्हता, अर्धा होता. कलौंजीतल्या थायमोक्विनोन या द्रव्याने प्रयोगशाळेतल्या बशीत कर्करोगाच्या पेशी मरतात, हे खरे. अशा पेशी शरीराबाहेर वाढवता येतात. अमेरिकेतल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१ साली घेतलेल्या पेशी आजही वाढत आहेत. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या संशोधकांना अशा पेशी पुरवते. पण बशीत औषध थेट पेशींवर पडते. पोटात घेतलेले औषध आधी आतड्यातून, मग यकृतातून जाते. गाठीपर्यंत त्यातले किती पोहोचेल, हे बशी सांगत नाही. त्यासाठी पुढे प्राण्यांवर आणि शेवटी माणसांवर चाचण्या घ्याव्या लागतात.

"म्हणजे कलौंजीत शिफा नाही म्हणता?" खाला रागावली.

"हदीसवर आमचाही विश्वास आहे, खाला. पण प्रेषितांनी (स.) इलाज करायलाही सांगितले आहे. कलौंजी डॉक्टरांना विचारून घे, केमो मात्र सोडू नकोस."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सोमवारी पुण्याची गाडी किती वाजता आहे?"

आम्ही बरोबर गेलो. पुन्हा तपासण्या होऊन केमो सुरू झाली. गेलेले दिवस काही परत आले नाहीत.

असा मजकूर पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारावे: हे बशीत झाले, की माणसात?