केसाहून बारीक फट

कपाट आवरण्याचें काम आम्ही आळसामुळें पुढें ढकलतों असें घरच्या मंडळींना वाटतें. खरें म्हणजे तें भीतीमुळें. जें आपण जपून ठेवलें आहे असें चारचौघांत सांगतों, तें खरोखरच जपलें गेलें कीं नाहीं याचा जाब तेथें द्यावा लागतो. गेल्या श्रावणांत आमच्यावर ती वेळ आली. चिंचवडच्या आमच्या घरीं वरच्या खणांत एक व्हिडिओ कॅसेट होती. १९८८ सालीं आमच्या धाकट्या बहिणीचें लग्न झालें, त्या समारंभाची ती फीत. आमचे वडील, अण्णा, १९९३ सालीं वारले. त्यांचीं छायाचित्रें पुष्कळ आहेत. पण चालणारे, बोलणारे अण्णा त्या एका फितींत तेवढे उरले आहेत.

ती फीत आमच्या दादांनीं पूर्वीं एकदां मागितली होती. "दादा, तुझ्याकडे मुलें ती रोज लावतील आणि झिजवतील," असें सांगून आम्हीं ती दिली नाहीं. कारण अगदींच खोटें नव्हतें. पण खरें कारण निराळें होतें. घराची वाटणी नुकतीच झाली होती, आणि एक वस्तु तरी सर्वस्वीं आपल्या हातीं असावी अशी आमची इच्छा होती. दादांनीं पुन्हां विचारलें नाहीं. पुढें ते चाकणला राहावयास गेले, आणि सणावारापलीकडे येणेंजाणेंहि उरलें नाहीं.

तर श्रावणांत कॅसेट काढली, तों फितीच्या कडेला पांढुरकी बुरशी. पवनाकांठच्या पावसाळी हवेनें आपलें काम केलें होतें. आम्हीं वरवर फडकें फिरविलें आणि जुन्या व्हीसीआरमध्यें ती सारली. क्षणभर मांडव दिसला, मग पडद्यावर मुंग्या आल्या, आणि यंत्राच्या पोटांतून खरखर ऐकूं आली. चापेकर चौकाजवळच्या दुरुस्तीवाल्यानें झांकण उघडून भिंग लावलें व निकाल दिला, "हेड गेलं, साहेब. टवका उडालाय." नवें हेड कोठें मिळेल असें विचारतां तो नुसता हंसला. त्या हंसण्याचा अर्थ आम्हांस मागाहून कळला. हीं यंत्रें करणारी शेवटची म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई कंपनी. तिनेंहि २०१६ च्या जुलै महिन्यांत तें काम बंद केलें.

हेड ज्यावर बसविलेलें असतें तो निकामी ड्रम खिशांत घालून आम्ही घरीं आलों व शेजारच्या काकांना दाखविला. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि मग मोटारींच्या मोठ्या कारखान्यांमागोमाग भोसरी-चिंचवडच्या शेडांतून मायक्रॉनच्या हिशेबानें काम करणाऱ्या माणसांची एक पिढी तयार झाली. काका त्या पिढीतले. पंपांच्या सीलचीं तोंडें लॅप करण्यांत त्यांचीं तीस वर्षें गेलीं. त्या तोंडावर अत्यंत सपाट कांच ठेवून एकरंगी प्रकाशांत पाहिलें कीं काळ्या पट्ट्या दिसतात. पट्ट्या सरळ असल्या तर तोंड सपाट. वांकल्या तर जॉब पुन्हां लॅपिंगला. एका पट्टीचें माप सुमारें ०.३ मायक्रॉन.

"यांत एवढं अवघड काय असतं?" काकांनीं विचारलें. आम्हीं वाचून ठेवलें होतें तें सांगितलें.

हेड म्हणजे मूळचें एक चुंबकीय कडें, आणि त्यावर तारेचे वेढे. कडें अखंड असेल तर तारेंतील विजेनें उत्पन्न झालेलें चुंबकत्व कड्यांतल्या कड्यांतच फिरत राहतें. म्हणून त्याला एके ठिकाणीं फट ठेवावयाची. तेथें चुंबकत्व बाहेर डोकावतें आणि समोरून सरकणाऱ्या फितीवर आपली खूण उमटवितें; तीच फीत पुन्हां तेथून नेली म्हणजे त्या खुणा तारेंत वीज उठवितात. असें कडें जर्मनींत एडुआर्ड शुलर यानें १९३३ सालीं ध्वनीसाठीं योजिलें. पण ध्वनीला सेकंदाला वीस हजार कंपनें पुरतात. चित्राला तीं लाखांनीं लागतात. तेवढ्या खुणा मावाव्या म्हणून फीत पळवावी तरी किती? १९५६ सालीं अमेरिकेच्या अ‍ॅम्पेक्स कंपनीनें तोड काढली ती अशी कीं, फीत सावकाश जाऊं द्यावी आणि हेडच फिरवावें. चार हेडांचा तिचा ड्रम मिनिटाला १४,४०० फेरे करी. १९७६ सालीं जपानांत निघालेल्या घरगुती व्हीएचएस यंत्राचा ड्रम आपल्याकडे मिनिटाला १,५०० फेरे घेई. फीत सेकंदाला अडीच सेंटिमीटरहि सरकत नसे, पण हेड तिच्यावरून जवळजवळ पांच मीटर धांवे. एवढें करूनहि चित्राची अगदीं बारीक खूण मायक्रॉनभराचीच होई. म्हणून ती वाचणारी फट त्याहून लहान, सुमारें ०.३ मायक्रॉन, ठेवावी लागे. केसाच्या जाडीचे दोनशें भाग करावे, त्यांतला एक.

"म्हणजे एक पट्टी," काका म्हणाले, आणि त्यांनीं ड्रम पुन्हां उचलला.

हीं हेडें मँगनीज व जस्त यांच्या फेराइटचीं. दगडासारखीं कठीण आणि कांचेसारखीं ठिसूळ. स्फटिकाच्या कांबी कापीत, त्यांचीं तोंडें आरशासारखीं लॅप करीत, फटीच्या मापाचा कांचेसारख्या पदार्थाचा थर मध्यें घालीत, आणि वितळलेल्या कांचेनें दोन अर्धीं सांधीत. मग त्याचे पातळ तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तार गुंडाळीत.

"करणारे कोण ते मला ठाऊक नाहीं," काका म्हणाले, "पण काम आमचंच. दोन तोंडं चिकटलीं तर जॉब वायां, लांब गेलीं तरी वायां." थोडें थांबून त्यांनीं विचारलें, "तुमच्या दादांना कळवलंत का?"

याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या रात्रीं आम्हीं चाकणला फोन केला.

रविवारीं दादा आले ते माळ्यावरचा आपला व्हीसीआर घेऊनच. दुरुस्तीवाल्यानें तो उघडला, भिंगांतून पाहिलें आणि आश्चर्यानें म्हणाला, "हेड नव्यासारखं आहे हो!" दादा सहज बोलून गेले, "असणारच. लावायला माझ्याकडे होतं काय?" त्यांच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. असता तर बरें झालें असतें. टोमण्याला उलट उत्तर देतां येतें. झिजेल म्हणून आम्हीं अडवून धरलेली फीत कपाटांत कुजली, आणि तिच्यावांचून दादांचें यंत्र कोरें राहिलें.

दुरुस्तीवाल्यानें दोन दिवस खपून फीत हातानें पुसली. पुन्हां बुरशी सुटून हेड जाईल, म्हणून ती एकदांच चालवावयाची व त्याच वेळीं संगणकांत उतरून घ्यावयाची असें ठरलें. आम्ही दोघे भाऊ शेजारीं बसलों. चित्र फाटत होतें, पांढऱ्या रेघा धांवत होत्या. अण्णा आले तेव्हां तर त्यांचा अर्धा चेहरा गेलेला. परंतु या यंत्रांत आवाज फितीच्या कांठावर निराळा लिहिलेला असतो व तो वाचणारें स्थिर हेडहि निराळें असतें; त्यामुळें आवाज मात्र स्वच्छ आला. अण्णांनीं मुलीला दिलेला आशीर्वाद त्या फितींत आहे असें आम्ही इतकीं वर्षें सर्वांना सांगत होतों. तसें कांहीं त्यांत नव्हतें. अण्णा कोणाकडे तरी वळून ओरडत होते, "अरे, तुम्ही दोघे तिकडे उभे काय राहिलांत? पंगतीकडे बघा!"

दादा हंसले. आम्हांला हंसूं यावयास थोडा वेळ लागला.

आतां एक प्रत चिंचवडला आहे, एक चाकणला. मूळ कॅसेट पुन्हां यंत्रांत घालण्याच्या लायकीची उरली नाहीं. तरी निघतांना दादांनीं ती मागितली. या खेपेस आम्हीं कांहीं कारण सांगितलें नाहीं.