किल्ल्यांचा जुडगा

इंग्लंडमधल्या जुन्या वाड्यांविषयी वाचताना माझं मन दिवाणखान्यात फार वेळ रमत नाही. ते तळघराचं दार शोधत राहतं. ससेक्समध्ये उंच टेकडीवर अपपार्क नावाचा लाल विटांचा वाडा आहे. त्याचं स्वयंपाकघर वेगळ्या इमारतीत, आणि तिथून घरापर्यंत जमिनीखालून भुयार. जेवण त्यातून यायचं, नोकरही त्यातूनच ये-जा करायचे. खिडकीतून बघणाऱ्याची नजर हिरवळीवरून थेट दूरच्या समुद्राकडे जावी, मध्ये ओझं घेऊन चाललेली मोलकरीण आडवी येऊ नये, एवढ्यासाठी जमीन पोखरलेली. हे मला दर वेळी टोचतं.

या वाड्यात १८८० साली सारा वेल्स हाउसकीपर म्हणून आली. वय सत्तावन्न. खरं तर ती परत आली होती. तरुणपणी ती इथंच फ्रान्सिस बुलकची खास दासी होती आणि इथल्याच माळ्याशी तिनं लग्न केलं होतं. पुढे नवऱ्याचं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान चालेना; म्हणून नवरा मागे ठेवून ती पुन्हा चाकरीला लागली.

आता तीच फ्रान्सिस वाड्याची मालकीण झाली होती. तिची थोरली बहीण मेरी ॲन इथल्याच दुग्धशाळेत कामाला होती. १८२५ साली वाड्याचे सत्तरीतले मालक सर हॅरी यांनी तिच्याशी लग्न केलं आणि त्यांच्यामागे वाडा तिच्याकडे, मग फ्रान्सिसकडे आला. दुधाच्या हंड्यांपासून वाड्यापर्यंत एक घर चढलं. साराचं भुयार मात्र सुटलं नाही.

हाउसकीपरच्या हाती किल्ल्यांचा जुडगा असायचा. चहा, साखर, मसाले, चादरी, सगळं कुलपात आणि त्याचा हिशेब तिच्याकडे. आपल्याकडे कमरेला किल्ल्या म्हणजे घरावर सत्ता. इथं किल्ली तिची, कपाट दुसऱ्याचं.

साराचा धाकटा मुलगा अधूनमधून यायचा. एकदा पोटमाळ्यावर त्याला पेटीत पितळी भाग सापडले. ते जुळवले तर दुर्बीण निघाली. कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडून तो रात्री चंद्रावरचे खड्डे बघत बसलेला आईला सापडला. कापडदुकानातल्या उमेदवारीला विटून १८८३ साली तो उपाशीपोटी १७ मैल चालत आईला गाठायला आला. रविवार होता, ती बाकीच्या नोकरांबरोबर चर्चमधून परतत होती. हा मुलगा म्हणजे लेखक एच. जी. वेल्स. वाड्यातल्या पुस्तकांनी त्याला घडवलं असं सगळे म्हणतात. खरंच आहे. पण त्या पुस्तकांपर्यंत तो पोचला तो आईच्या नोकरीमुळे.

आई हाउसकीपर म्हणून कामाची नव्हती, असं त्यानं पुढे आत्मचरित्रात लिहिलं. हिशेबाच्या वहीपुरतं ते खरं असेलही, पण मला हा निकाल मान्य नाही. तेरा वर्षं ती परक्या कपाटांची राखण करत राहिली आणि त्या पगारावर तिचं विखुरलेलं घर तगलं. १८९३ साली, सत्तर वर्षांची, कानांनी अधू झालेली असताना तिला काढून टाकलं.

अपपार्क आता लोकांना बघायला खुलं आहे. कुणी गेलंच, तर दिवाणखान्याच्या आधी खाली उतरावं आणि त्या भुयारातून एकदा चालून यावं.