खेजडीचे बिऱ्हाड

वाळवंट म्हटले की डोळ्यांपुढे उंट, वाळूच्या टेकड्या आणि दूरवर उभे असलेले एखादे झाड येते. चित्रातले ते झाड हटकून एकटे! मारवाडात चार दिवस हिंडून आल्यावर मात्र सांगावेसे वाटते की, त्या मुलखात माणूस एकटा असेल, उंटही एकटा असेल. झाड तेवढे एकटे नसते. त्याचे बिऱ्हाड जमिनीखाली असते, म्हणून ते आपल्याला दिसत नाही, इतकेच.

नवरात्राच्या सुमारास आम्ही जोधपूरला पोचलो. बरोबर सौभाग्यवती आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारी कन्या. मेहरानगड पाहिला, निळी घरे पाहिली, मिरचीवडे खाऊन डोळ्यांतून पाणी काढले. प्रवाशाची सारी कर्तव्ये आटोपली, तेव्हा कन्येने फर्मान काढले, "आता खेजडी बघायला जायचे!"

खेजडी म्हणजे आपली शमी. गणपतीला आपण जिची पत्री वाहतो, पांडवांनी जिच्यावर शस्त्रे लपवली, तीच ही. मराठवाडा-विदर्भाकडे हिला सौंदडही म्हणतात. आपल्याकडे तिची आठवण सणावारी होते. मारवाडात तिच्यावर घर चालते. कोवळ्या शेंगांची भाजी होते, ती प्रसिद्ध सांगरी. पाला, म्हणजे 'लूंग', शेळ्यामेंढ्या आणि उंट आवडीने खातात. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा 'छप्पनिया' दुष्काळ पडला, तेव्हा माणसांनी तिची साल दळून खाल्ली. १९८३ साली राजस्थानने तिला राज्यवृक्ष केले ते उगीच नव्हे.

शहरापासून सव्वीसेक किलोमीटरांवर खेजडली नावाचे गाव आहे. १७३० साली जोधपूरचे महाराजा अभयसिंह यांच्या बांधकामासाठी चुन्याच्या भट्ट्यांना लाकूड हवे होते. माणसे कुऱ्हाडी घेऊन इथे आली, तेव्हा अमृतादेवी नावाच्या बिष्णोई बाईने झाडाला मिठी मारली. ती गेली, तिच्या तीन मुली गेल्या, आणि त्यांच्यामागून एकूण ३६३ माणसांनी प्राण दिले. दरवर्षी भाद्रपद शुद्ध दशमीला तिथे जत्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. झाडांखाली गार सावली होती, मोर हिंडत होते. सौभाग्यवती बराच वेळ काही बोलली नाही.

तिथून पुढे रस्त्यालगतच्या एका शेतात आम्ही थांबलो. बाजरीची काढणी चालली होती. भर शेतात जागोजाग खेजडीची झाडे! आपल्याकडचा शेतकरी पिकावर सावली नको म्हणून फांद्या छाटतो. इथे तर झाडाच्या बुंध्यापर्यंत बाजरी. पागोटेवाल्या वृद्ध मालकाला मी त्याचे कारण विचारले. त्याने मला हाताला धरून झाडाखाली नेले आणि तिथली कणसे दाखवली. उघड्यावरच्या कणसांपेक्षा ती सरस भरलेली होती.

"खत?" मी विचारले.

"खत हीच घालते," झाडाच्या खोडावर थाप मारून तो म्हणाला.

या भागात पाऊस वर्षाकाठी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतका. मग हे खत येते कुठून? कन्या जणू याच प्रश्नाची वाट पाहत होती. तिने वाळूत बोटाने मुळांचे चित्र काढले आणि आमची शिकवणी सुरू केली.

हवेत पाच भागांपैकी जवळजवळ चार भाग नत्र असतो. पण झाडाला तो थेट घेता येत नाही. समोर पक्वान्नांचे ताट आणि तोंडाला कुलूप! ते कुलूप उघडणारे जिवाणू शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी करून राहतात. हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८८ साली हे सिद्ध केले. खताच्या कारखान्यात याच कामाला चारशे-पाचशे अंश सेल्सियस उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. जिवाणू ते मातीत बसून मुकाट्याने करतात. चालू गाठ कापली तर आतून गुलाबी दिसते, कारण तिच्यात आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याचा भाऊबंद शोभेल असा पदार्थ असतो. प्राणवायू जास्त झाला तर जिवाणूंचे काम बिघडते, म्हणून तो मोजून देण्याची ही सोय.

"हा झाला एक भाडेकरू," सौभाग्यवती म्हणाली. "दुसरा कोण?"

दुसरी बुरशी. पण भाकरीवरची नव्हे. हिचे धागे मुळाच्या आत शिरतात आणि बाहेर मातीतही पसरतात. वाळवंटाच्या चुनखडीच्या मातीत स्फुरद असतो, पण चुन्याशी जखडलेला. तो जागचा हलत नाही. मूळ आपल्याभोवतीचा स्फुरद खाऊन संपवते आणि पुढे हात पोचत नाही. बुरशीचा धागा मुळावरच्या केसाहूनही बारीक, तो कणाकणांतल्या फटींतून लांब जातो आणि स्फुरद आणून देतो. तिला स्वतःला हिरवी पाने नाहीत, त्यामुळे अन्न तयार करता येत नाही. झाड तिला साखर आणि स्निग्ध पदार्थ पुरवते. ही भागीदारी चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या शिलारूप वनस्पतींतही सापडली आहे.

खरी मौज पुढेच आहे. नत्र बांधायला जिवाणूंना भरपूर स्फुरद लागतो, आणि तो आणते बुरशी. बुरशीला साखर लागते, ती करते पान. पानाला नत्र लागतो, तो देतात जिवाणू. तिघांपैकी एकाने हात आखडला की उरलेल्या दोघांचे हाल! आणि खताची पोती ओतून झाडाला सारे आयते दिले, तर ते या भागीदारांना फारसे विचारत नाही. गरज सरली की नाते पातळ होते, हे तिथेही आहेच.

सगळीच बुरशी मात्र सखी नसते. राजस्थानच्या काही भागांत खेजडीची झाडे वाळू लागली आहेत. एक बुरशी मुळे कुजवते, भुंगेऱ्यांच्या अळ्या ती पोखरतात. बेसुमार छाटणीने खंगलेले झाड त्यांना लवकर बळी पडते. पूर्वी उंटाचा नांगर कोवळ्या रोपाला वळसा घालून जाई; ट्रॅक्टर तसे थांबत नाही. म्हणून म्हाताऱ्या झाडाच्या जागी तरुण झाड येत नाही. त्यातच गेल्या काही वर्षांत सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी खेजडी तोडली जाते, म्हणून गावकऱ्यांनी आंदोलने केली आहेत.

चहा घेताना कळले की हा प्रश्न त्या वृद्धाच्या घरातही शिरला आहे. पुतण्या म्हणत होता, जमीन सौरकंपनीला भाड्याने द्यावी. पोराचेही चूक म्हणवेना. बाजरी पावसाच्या लहरीवर, भाडे दरसाल ठरलेले. "झाडे जातील," तो म्हणाला, "पण एकाच्या बदली दहा रोपे लावून देणार आहेत."

म्हाताऱ्याने कन्येकडे पाहिले. "काय बाईसा, दहा रोपे पुरतील?"

कन्या जरा थांबली. मग म्हणाली, "रोपांना भागीदार मिळतीलही, दादाजी. पण या झाडाखालची माती त्यांना तयार मिळणार नाही. तिच्यात कित्येक वर्षांचा पाला जिरला आहे. तेवढी वर्षे पुन्हा लागतील."

पुतण्या गप्प झाला. म्हाताऱ्याने पागोट्यात खोचलेला कराराचा कागद काढला, सावकाश उलगडला, सहीच्या कोऱ्या जागेवर अंगठा फिरवला आणि पुन्हा घडी घालून जिथल्या तिथे ठेवला. मग सौभाग्यवतीच्या पदरात वाळलेल्या सांगरीची ओंजळ टाकून तो काढणीकडे वळला. ऊन उतरायच्या आत झाडाखालची बाजरी कापायची होती.